एक मे : ठरविलेली तारीख

वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात 'दिनविशेष' नावाचे छोटे सदर असते. आजच्या तारखेला कोण जन्मला, कोण निवर्तला, कोणते राज्य बुडाले, कोणता पूल उघडला, हे सारे त्यात एकाखाली एक मांडलेले असते. वाचताना करमणूक होते. पण त्या गोष्टींचा एकमेकींशी नातेसंबंध काय, हे कोणी सांगत नाही. बहुतेक वेळा तो नसतोच. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर फार झाले. त्यामुळे असली सदरे आम्ही पुष्कळ वाचली आणि त्यांवर विचार करण्याची खोडही आम्हांला लागली. एकाच तारखेवर इतक्या गोष्टी का जमतात, आणि जमल्या तर त्यांतून शिकावयाचे काय, हा आजचा प्रश्न आहे. उदाहरणासाठी आम्ही १ मे ही तारीख घेतो. कामगार-चळवळीत हयात घालविलेला मनुष्य दुसरी कोणती तारीख घेणार, असे आपण म्हणाल. ते खरेच आहे. पण भंडारा जिल्ह्याला ह्या तारखेशी बांधणारे धागे एकाहून अधिक आहेत, आणि ते सगळेच मिरवणुकीत दिसणारे नाहीत.

प्रथम नुसती यादी पाहू. १ मे १७०७ रोजी इंग्लंड व स्कॉटलंड ही दोन राज्ये कायद्याने एक झाली. १ मे १८५१ रोजी व्हिक्टोरिया राणीने लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगातले मोठे औद्योगिक प्रदर्शन उघडले. त्यात हिंदुस्थानातला कोहिनूरही मांडला होता. त्या वेळी भंडारा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि लवकरच ते राज्यही कंपनी सरकारने खालसा केले. १ मे १८९७ रोजी स्वामी विवेकानंदांनी कलकत्त्यात रामकृष्ण मिशनची स्थापना केली. १ मे १९३१ रोजी न्यूयॉर्कमध्ये १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत उघडली. अध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबली आणि तिकडे दिवे लागले. ती इमारत उभी करताना कित्येक मजूर मरण पावले, पण कळ दाबणाऱ्याचे नाव जसे सदरात छापले जाते तशी त्यांची नावे छापली जात नाहीत.

ह्या गोष्टी एका तारखेवर आल्या, त्या बाजारात अनोळखी माणसे एका झाडाच्या सावलीला उभी राहावीत तशा. त्यांतून इतिहास बनत नाही.

आम्ही तारखांचे दोन वर्ग करतो. पहिला वर्ग घडलेल्या तारखांचा. २४ जानेवारी २०२५ रोजी आपल्या जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. ती तारीख कोणी ठरविली नव्हती. त्या सकाळी डबा घेऊन निघालेल्या माणसांना ती ठाऊक नव्हती. अशा तारखा अंगावर येतात आणि घराघरात कायमच्या बसतात. दुसरा वर्ग ठरविलेल्या तारखांचा. माणसे आधी एकत्र बसतात, वाद घालतात, एक दिवस मुक्रर करतात आणि मग त्या दिवसाला खरे करण्यासाठी राबतात. गरिबाच्या आयुष्यात पहिल्या वर्गाच्या तारखा फार आणि दुसऱ्या वर्गाच्या अगदी थोड्या असतात. कामगार-चळवळीचा सगळा इतिहास म्हणजे हे प्रमाण बदलण्याची खटपट होय. आणि १ मे ही त्या खटपटीतली सर्वांत प्रसिद्ध तारीख आहे.

ती अगोदर ठरविलेली होती, हे पुष्कळांना माहीत नसते. शिकागोत गोळीबार झाला, माणसे मेली, म्हणून तो दिवस पाळतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक क्रम निराळा आहे. १८८४ च्या ऑक्टोबरात शिकागो येथेच अमेरिकेतील संघटित कामगारांच्या महासंघाची परिषद भरली. तिने ठराव केला की, १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा कायदेशीर दिवस समजला जावा. हा ठराव एका सुताराने मांडला होता. ती संघटना दुबळी होती, तिच्या तिजोरीत पैसा नव्हता. पण तिने दीड वर्ष पुढची एक तारीख जाहीर केली. त्या तारखेने संघटनेला वाढविले. गावोगाव लोक विचारू लागले की, आपल्या कारखान्यात त्या दिवशी काय करावयाचे?

१ मे १८८६ रोजी सबंध अमेरिकेत तीन लाखांहून अधिक कामगारांनी काम बंद ठेवले. शिकागोत तो दिवस शांततेत पार पडला. रक्त सांडले ते नंतर. ३ मे रोजी मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिच्या निषेधार्थ ४ मे रोजी हे-मार्केट चौकात सभा झाली. सभा संपत आली असता पोलिसांवर बाँब पडला आणि मग गोळीबार झाला. बाँब कोणी टाकला हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. तरी आठ पुढाऱ्यांवर खटला चालला. पार्सन्स, स्पाइस, फिशर व एंगल ह्या चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आले. पाचव्या लिंगने फाशीपूर्वीच तुरुंगात प्राण दिला. १८९३ साली त्या प्रांताचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना मुक्त केले आणि खटला न्यायाचा झाला नाही असे लेखी सांगितले.

त्यानंतर चळवळ मोडली, असे मालकवर्गाला वाटले असल्यास नवल नाही. पण अमेरिकी कामगारांनी १८८८ च्या अखेरीस पुन्हा एक तारीख ठरविली : १ मे १८९०. दुसऱ्या वर्षी, १८८९ च्या जुलैत, पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता तिने तीच तारीख साऱ्या देशांसाठी उचलली. अशा रीतीने १ मे जगाचा झाला. खुद्द अमेरिकेने मात्र १८९४ साली सप्टेंबरातला पहिला सोमवार श्रमिकांचा दिवस म्हणून सरकारी सुटीत घातला. ज्या गावात तारीख जन्मली त्याच देशाच्या सरकारने तिला घरात घेतले नाही!

येथे एक गोष्ट अभिमानाने नमूद करतो. आठ तासांची मागणी आपल्या देशात परक्यांकडून आली, असे मानण्याचे कारण नाही. शिकागोच्या चोवीस वर्षे आधी, १८६२ साली, हावडा येथील रेल्वेच्या बाराशे मजुरांनी आठ तासांच्या दिवसासाठी काम बंद केले होते. आणि ज्या १८८४ सालच्या ऑक्टोबरात शिकागोचा ठराव झाला, त्याच्या अगोदरच्या महिन्यात, म्हणजे सप्टेंबर १८८४ मध्ये, मुंबईत परळ येथे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणीतली नोकरी जवळून पाहिलेला हा गृहस्थ. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्या सभांतून निघाला. त्यातल्या मागण्या अशा : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, काम करताना इजा झाल्यास भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

ह्या शेवटल्या मागणीकडे आपण लक्ष द्यावे. शिकागोच्या माणसांनी एक तारीख मागितली, ती आठ तास सुरू होण्याची. परळच्या माणसांनीही एक तारीख मागितली, ती घामाचा पैसा हाती पडण्याची. दोघांची नड एकच होती. आपल्या आयुष्याचे वेळापत्रक मालकाच्या लहरीवर न राहता लिहून ठेवलेले असावे, एवढेच त्यांना हवे होते. लोखंड्यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. त्या वर्षीच्या १ मे रोजी युरोपात पहिला आंतरराष्ट्रीय कामगार-दिन पाळला गेला होता. दोहोंत अवघ्या चाळीस दिवसांचे अंतर आहे.

पुढे आपल्याकडे कामाचे तास कसे कमी झाले, तो हिशेब कोरडा असला तरी सांगितला पाहिजे. कारण त्यातच चळवळीचे खरे वय कळते. १८८१ च्या पहिल्या कारखाना-कायद्याने फक्त मुलांचे तास बांधले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा व सर्वांना आठवड्याची सुटी दिली. १९११ साली कापडगिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपल्या पहिल्याच कराराने जगाला आठवड्याचे ४८ तास घालून दिले. त्यात हिंदुस्थानासाठी अपवाद करून ६० तास ठेवले. म्हणजे साहेबाच्या देशातला आठवडा ४८ तासांचा आणि आमचा ६० तासांचा! १९२२ च्या कायद्याने ते ६० तास आले, १९३४ च्या कायद्याने ५४ झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते सांभाळत होते. त्यांच्या कारकीर्दीत आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ४८ तास झाले, आणि १९४८ च्या कारखाना-कायद्याने ते पक्के केले. जगाने १९१९ साली मान्य केलेले आमच्या पदरात पडायला सत्तावीस वर्षे लागली.

ज्यांच्या हातून हे घडले ते डॉ. आंबेडकर १९५४ च्या मे महिन्यात आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, आणि पराभूत झाले. त्याच वेळी येथून समाजवादी पुढारी अशोक मेहता निवडून आले, कारण हा मतदारसंघ तेव्हा दोन सदस्यांचा होता. जिल्ह्याने कोणाला काय द्यावयास हवे होते, ह्याचा निवाडा आम्ही आज करीत नाही. पण भंडाऱ्याच्या इतिहासात हे पान आहे, आणि मे महिन्याचे आहे, हे आमच्या तरुणांना ठाऊक असावे.

हिंदुस्थानात १ मे पहिल्यांदा पाळला गेला तो १९२३ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर. सिंगारवेलू चेट्टियार यांनी त्या दिवशी दोन सभा घेतल्या व कामगार-शेतकऱ्यांचा पक्ष जाहीर केला. तेथे लाल निशाण फडकले. ह्या मद्रासकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

आता १ मे १९६० कडे वळू. मुंबई राज्याच्या पुनर्रचनेचा जो कायदा संसदेने केला, त्यात 'नियत दिवस' म्हणून १ मे १९६० ही तारीखच लिहिलेली होती. त्या दिवशी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. ही तारीख पंडित नेहरूंच्या हस्ते व यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखाली आली खरी. पण तिची किंमत आधी मोजली गेली होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईच्या फ्लोरा फाउंटनजवळ विधानसभेकडे निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला व पंधरा जण पडले. १९५६ च्या जानेवारीत पुन्हा गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांच्यात गिरणी-कामगार होते, गोदीतले होते, हातगाडीवाले होते. म्हणून ह्या राज्याचा जन्मदिवस आणि कामगारांचा दिवस एकच असावा, ह्यात औचित्य होते.

हे झाले मुंबईचे. भंडाऱ्याचे काय? खरे बोलले पाहिजे. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. १९५३ च्या सप्टेंबरात नागपूर करार झाला. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाचे निराळे राज्य करावे अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि तेथून १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. तेव्हापासून ह्या भागात १ मे ला दोन रंग आहेत. एकीकडे ध्वजवंदन होते. दुसरीकडे विदर्भवादी मंडळी तोच दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. आम्ही कामगारांच्या सभेत दोन्ही मतांची माणसे पाहिली आहेत. ती एकाच सतरंजीवर बसतात आणि पगाराच्या प्रश्नावर एकच हात वर करतात. राज्य कोणते असावे ह्यावर मतभेद असणे लोकशाहीत दोष नव्हे. ज्यांना ठरविताना विचारले गेले नाही असे ज्यांना वाटते, त्यांना ठरविलेली तारीख परकी वाटते, इतकेच येथे समजून घ्यावयाचे.

त्याच तारखेने पुढे आणखी दोन वेळा आपल्या जिल्ह्याचे दार ठोठावले. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला कायदा १ मे १९६२ रोजी अमलात येऊन महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्याकडे मध्यप्रदेशाच्या काळातल्या जनपद सभा होत्या. त्यांच्या जागी जिल्हा परिषद व पंचायत समित्या आल्या. गावची शाळा, दवाखाना, रस्ता व तलाव ह्यांचा कारभार निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आला. दुसरी वेळ १ मे १९९९ ची. त्या दिवशी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला. आज गोंदियाकडे आठ तालुके आहेत आणि भंडाऱ्याकडे सात : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर.

सालेकशाच्या माणसाला एका दाखल्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर चालून भंडाऱ्याला यावे लागत होते, त्याचे श्रम वाचले; ही चांगली गोष्ट झाली. पण सरहद्द आखणाऱ्यांच्या नकाशात बिडीचा धंदा नव्हता. तेंदूचे जंगल एका जिल्ह्यात, गोदाम दुसऱ्यात आणि वळणारी बाई तिसऱ्याच गावात, अशी त्या धंद्याची रचना. जिल्हा दोन झाला, धंदा एकच राहिला. त्या वर्षी आम्हां कार्यकर्त्यांना एकाच तक्रारीची दोन प्रती काढून दोन कचेऱ्यांत द्यावी लागे, आणि दोन्हीकडून 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळे. तारीख ठरविताना ज्यांचा विचार झाला नाही, त्यांच्या वाट्याला हेलपाटे आले.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. ठरविलेली तारीख मोठी खरी. परंतु ती सर्वांच्या घरी एकाच दिवशी पोहोचत नाही. आपल्या एका जिल्ह्यात ह्याचा पडताळा पाहा.

तुमसर तालुक्यात चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. १९५२ च्या खाण-कायद्याने जमिनीखाली काम करणाऱ्याचा दिवस आठ तासांचा केला होता. म्हणजे शिकागोचा आकडा आमच्या जिल्ह्यात अक्षरशः लागू झाला तो जमिनीच्या पोटात. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत त्याच कायद्याने नऊ तासांपर्यंत मुभा होती. कारखान्यातल्या मजुराला १९४८ च्या कायद्याने आठवड्याचे ४८ तास व दिवसाचे जास्तीत जास्त नऊ. तेथपर्यंत ठीक. मग येतो बिडीचा कामगार. १९६६ साली बिडी-कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानेही नऊ व ४८ ची मर्यादा घातली. पण ती धंद्याच्या जागेपुरती. काम हळूहळू कारखान्यांतून उठून घराघरांत गेले, आणि घराच्या ओसरीवर तास मोजणारा कोणी नसतो. तेथे मोजतात हजार. हजार बिड्यांना अमुक दर. पान कमी पडले तर पदरचे घाला, छाट निघाली तर तुमच्या नावावर. सुपात पान-तंबाखू घेऊन बसलेली बाई स्वयंपाक, मूल, पाणी सांभाळून किती तास वळते, ते घड्याळालाही सांगता येणार नाही. तिला आठ तासांची घोषणा ऐकविली की ती हसते. तिचे हसणे आम्हांला फार शिकवून गेले आहे.

आणि सर्वांत शेवटी तेंदूपत्ता तोडणारे. नियतीची थट्टा अशी की, त्यांचा हंगाम नेमका १ मे च्या आगेमागे असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटतात, नवी कोवळी पालवी फुटते, आणि एप्रिलच्या अखेरीपासून तोड सुरू होते. पान राठ होण्याच्या आत आणि पाऊस येण्याच्या आत सारे उरकावे लागते. भल्या पहाटे, अंधारातच, घरातली बाया-माणसे, पोरे जंगलात शिरतात. अस्वल आणि वाघ ह्यांच्या वाटेने त्यांची वाट जाते. दर हंगामात कोठे ना कोठे माणूस दगावल्याची वार्ता येते. दुपारी घरी येऊन पाने जुळवायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि सायंकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. हजार पुड्यांचे एक प्रमाणित पोते. म्हणजे एका पोत्यात सत्तर हजार पाने, आणि प्रत्येक पान हातातून गेलेले. ज्या दिवशी राज्याला सुटी असते, त्या दिवशी ह्या माणसांच्या हंगामाचा ऐन भर असतो. त्यांना १ मे ची सुटी नको असते; एक दिवस बुडाला तर पान बुडाले. त्यांना हवा असतो चोख दर आणि चोख मोजणी. आणि पैसा कोणत्या तारखेला मिळेल, ते आधी कळावे एवढे हवे असते.

म्हणून आम्ही परळच्या त्या १८८४ च्या अर्जाकडे परत जातो. पगार १५ तारखेच्या आत द्या, ही मागणी तेव्हा मान्य झाली नाही. बावन्न वर्षांनी, १९३६ साली, वेतन-प्रदान कायदा झाला. त्याने हजाराहून कमी माणसे असलेल्या आस्थापनेत ७ तारखेच्या आत आणि मोठ्या आस्थापनेत १० तारखेच्या आत पगार देणे बंधनकारक केले. 'सात तारखेचा पगार' हा शब्द आपण इतक्या सहज बोलतो; त्याच्या पाठीशी अर्धे शतक आहे. १ मे ला निशाण लागते, ७ तारखेला चूल पेटते. दुसरीवाचून पहिली केवळ उत्सव होय.

आता वर्तमानाबद्दल थोडे. ठरविलेली तारीख एकदा मिळाली की कायमची आपली, असे समजण्याचे दिवस नाहीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये तामिळनाडूच्या विधानसभेने कारखान्यात बारा तासांच्या पाळीला वाट देणारे विधेयक मंजूर केले. कामगार-संघटनांनी एकमुखाने विरोध केला. सत्तेतल्या पक्षाचे मित्रपक्षही विरोधात उभे राहिले. १ मे २०२३ रोजी चेन्नईत मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते विधेयक मागे घेतल्याचे जाहीर केले. ज्या शहरात १ मे १९२३ रोजी सिंगारवेलूंनी सभा घेतली, त्याच शहरात बरोबर शंभर वर्षांनी त्या तारखेने आपले काम केले. तारखेत जादू नसते. परंतु त्या दिवशी कामगारांसमोर जाऊन उभे राहावयाचे आहे, हे प्रत्येक सत्ताधाऱ्याला ठाऊक असते. तिचे बळ ते एवढेच, आणि ते कमी नाही.

महाराष्ट्रात निराळे घडले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नवावरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले, कामगाराची लेखी संमती आवश्यक धरली, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. संमतीचा कागद भरून देणाऱ्याची स्थिती काय असते, हे ज्याने फाटकापाशी उभे राहून नोकरी मागितली आहे त्याला विचारावे. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि आम्ही वर सांगितलेले कारखान्याचे, खाणीचे, बिडीचे व वेतनाचे जुने कायदे त्यांत विलीन झाले. एकूण एकोणतीस कायदे चार संहितांत गेले. ही तारीख कोणी हेतुतः निवडली असे आम्ही म्हणत नाही. पण २१ नोव्हेंबर हाच फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराचा दिवस. दिनविशेषाच्या सदरात ह्यापुढे दोन्ही नोंदी एकाखाली एक छापल्या जातील. वाचणाऱ्याने त्यांचा संबंध जोडावा की न जोडावा, ते त्याच्या विचारशक्तीवर आहे.

संहितांत सारेच वाईट आहे, असे आंधळेपणाने म्हणणारे आम्ही नव्हे. दिवसाचे आठ तास हा आकडा त्यांत लिहिला आहे, आणि महिन्याच्या पगाराला ७ तारखेची मर्यादाही आहे. परंतु पाळीचा एकूण पसारा किती असावा हे सरकारी नियमांवर सोपविले आहे. लिहिलेला आकडा आणि फाटकावरचा भोंगा ह्यांच्यात जे अंतर असते, ते मोजण्याचे काम संघटनेचे. कायद्याच्या पुस्तकातली तारीख आपण होऊन कामगाराच्या वस्तीत चालत येत नाही. तिला कोणीतरी हात धरून आणावे लागते.

मग भंडाऱ्याने काय करावे? आम्ही मोठी मसलत देत नाही. शिकागोच्या दुबळ्या संघटनेने जे केले तेच करावे : एक गोष्ट निवडावी आणि तिला तारीख लावावी. तेंदूच्या हंगामापूर्वी, पहिले पान तुटण्याच्या आत, प्रत्येक फळीवर दराचा फलक आणि पैसे चुकते करण्याचा दिवस लिहून लागला पाहिजे. बिडी वळणाऱ्या बाईच्या हाती एक वही असली पाहिजे. तिच्यात दिलेले पान, घेतलेल्या बिड्या, काढलेली छाट आणि पैशाचा वार लिहिलेला असावा. ठेकेदाराच्या माणसाने तिच्यावर सही करावी. ही मागणी लहान दिसते. पण परळची मागणीही लहानच दिसत होती. ज्या घरात पैशाचा दिवस ठरलेला असतो, त्या घरातली बाई सावकाराला वायदा करू शकते, मुलाच्या शाळेचा खर्च आखू शकते, आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचा दिवस ठरवू शकते. पुढचा दिवस आखता येणे, हीच माणूस मोकळा असल्याची पहिली खूण आहे.

तात्पर्य, श्रोतेहो, दिनविशेषाचे सदर वाचताना प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारावा : ही तारीख अंगावर आली, की कोणी ठरविली? आणि ठरविली असेल तर ती कोणाच्या घरापर्यंत पोहोचली आणि कोणाच्या उंबरठ्याशी अडली? १७०७ पासून २०२५ पर्यंतच्या साऱ्या नोंदींना हा प्रश्न लावता येईल, आणि प्रत्येक वेळी उत्तर थोडे निराळे येईल. आमच्यापुरते उत्तर हे की, १ मे अजून सालेकशाच्या जंगलात आणि मोहाडीच्या ओसरीवर पुरता पोहोचलेला नाही. तो पोहोचविण्याचे काम पुढच्या पिढीने हाती घेतले, तर आपल्या जिल्ह्याच्या दिनविशेषात एक नोंद अशी पडेल, की जी मुंबईने, दिल्लीने किंवा शिकागोने दिलेली नसेल. ती येथल्या बायाबापड्यांनी स्वतः बसून ठरविलेली असेल.